माल चांगला निघाल्याची तक्रार

३ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "हे सगळं रोज मला सांगण्यापेक्षा लिहून ठेवत जा. वहीला दुसरी कामं नसतात." तिचं म्हणणं रास्त आहे. म्हणून आजपासून वहीत.

बातमी अशी, की अप्पांचा शिकंजा सापडला.

शिकंजा म्हणजे पुस्तकबांधणीतला. वर लोखंडी चाक, मधे मनगटाएवढा जाड स्क्रू, खाली जड पाट. पुठ्ठे चिकटवलेली पुस्तकं पाटावर रचायची, चाक फिरवून दाबून ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढायची. अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, बांधणीचं दुकान होतं आणि त्या दुकानातली सगळ्यात चांगली जागा शिकंज्याला होती. अप्पा त्याला ‘जावई’ म्हणायचे. वजनदार, जागचा हलायला तयार नाही, आणि मधूनच रुसून बसतो. पुढे घरात खरा जावई आला तेव्हा जरा पंचाईत झाली. पण खरा दोन-तीन दिवस राहून परत जायचा, हा कायमचा मुक्कामाला. त्यामुळे नाव याच्याकडेच राहिलं.

मी लिलावाच्या साइटवर जुनं लॅमिनेशन मशीन बघत होतो आणि खाली ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून जावईबापू समोर आले. हिरवा रंग, डाव्या पायाशी बोटभर निळा. तो निळा मी लावला आहे, शाळेत असताना. हिरवा संपला होता.

आता हा दुकानातून गेला कसा, तेही लिहून ठेवतो. अप्पा गेले आणि आठवडाभरात शिकंजा नाहीसा झाला. कुलूप तुटलं नव्हतं. दुकानाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. मी नेला नाही. यापुढचं गणित लहान मुलालाही येईल. (तशी तिसरी किल्ली आईकडे असायची, पण आईला शिकंज्यातलं काही कळत नाही, त्यामुळे ती मोजायचं कारण नाही.) ‘ती’ म्हणजे माझी थोरली बहीण. या घरात तिचं नाव निघत नाही, म्हणून वहीतही काढत नाही.

म्हणजे शेवटी विकलाच तिने. वाटलंच होतं मला.

मी बोली लावली आहे. कामासाठी माझ्याकडे नवा शिकंजा आहे आणि तो उत्तम चालतो. पण मला तो हवा आहे. त्याच्याशेजारी उभा राहून मी धंदा शिकलो. अप्पांच्या दुकानातली दुसरी कुठलीच वस्तू मी मागितली नव्हती.

६ फेब्रुवारी

लिलावात नावं दिसत नाहीत, नंबर दिसतात. मी दोन नंबर. एक नंबरने पहिल्याच दिवशी हात टेकले, तीन नंबर काल गळाला. उरला चार.

हा चार नंबर म्हणजे एक नमुना आहे. मी वाढवलं की तो वाढवतो. बरं, बेभान होऊनही वाढवत नाही, माझ्या डोक्यावर जेमतेम पाय ठेवतो. आणि वेळाही ठरलेल्या: दुपारी जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर दुकानं बंद व्हायच्या वेळी. मीही त्याच वेळांना लावतो, कारण कामाच्या वेळात कामाशिवाय दुसरं काही केलेलं अप्पांना खपत नसे. या माणसालाही लहानपणी कोणीतरी वळण लावलेलं दिसतं. वाया गेलं बिचाऱ्याचं.

माझी खात्री आहे की तो विक्रेत्याचाच माणूस आहे. किंमत चढवायला बसवलेला. विक्रेत्याचं नाव ‘विश्वासू जुना माल’. ज्याला नावातच सांगावं लागतं, त्याच्याबद्दल आणखी काय बोलायचं.

जेवताना आईला सगळं सांगितलं. आई माझ्याकडेच असते. ती म्हणाली, "त्यालाही हवासा वाटत असेल."

"त्याचा काय संबंध?"

"मला काय माहीत," म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. तिची कोणी मैत्रीण आहे, तिच्याशी रोज जेवणानंतर बोलते. आम्ही जवळ गेलो की आवाज खाली जातो. आज "गुडघा शेकलास का" एवढं ऐकू आलं. म्हातारपणी मैत्री टिकवते, हे कौतुकास्पद आहे.

१० फेब्रुवारी

जिंकलो. पण जसा जिंकायला हवा होता तसा नाही.

बोली दुपारी चारला बंद होणार होती. त्याच वेळी एका संशोधकाचा प्रबंध बांधायला घेतला होता. त्याला उद्या द्यायचा होता. मी बांधलेल्या प्रत्येक प्रबंधाची तारीख उद्याचीच असते. दोन्ही हात कोपरापर्यंत खळीत, आणि फोनला ओलं बोट चालत नाही. आई दुकानात सहज म्हणून आली होती. हल्ली ती सहज येते. मी म्हटलं, "आई, फोन धर. मी सांगितलं की ते निळं बटण दाब."

"दाबलं की काय होईल?"

"आपली बोली वर जाईल."

"आणि तो?"

"तो खाली."

आई पडद्याकडे इतका वेळ बघत बसली की मला वाटलं डोळा लागला. मी ओरडलो, "आई, दाब!" मग दाबलं. चार वाजले, हिरवी अक्षरं आली, अभिनंदन वगैरे. आईने फोन खाली ठेवला, हात पदराला पुसले, माझ्यासारखी खळ तिच्या हाताला लागलेली नव्हती तरी. म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?"

मग बाहेर पायरीवर बसून तिने मैत्रिणीला फोन लावला. मैत्रिणीचं काहीतरी हरवलेलं दिसतं. "जाऊ दे गं, वस्तूच ती," असं दोनदा म्हणाली. या वयात बायकांच्या वस्तू फार हरवतात.

१४ फेब्रुवारी

आला. चौघांनी धरून उतरवला. मी स्वतः खोका फोडला.

हिरवा आहे. पण डाव्या पायाशीही हिरवाच आहे.

आधी वाटलं, वरून रंग मारला असेल. नखाने खरवडून पाहिलं, खाली निळा नाही. मग चाक फिरवलं. चाक फिरलं. फिरतच गेलं, लोण्यातून सुरी जावी तसं, थेट पाटापर्यंत. कुठेही अडलं नाही. मी उभ्या उभ्या घामाघूम झालो.

अप्पांचा शिकंजा अडतो. स्क्रूचा आटा एका जागी झिजला आहे, तिथे चाक येऊन थांबतं आणि ढिम्म हलत नाही. मग डाव्या बाजूने तळहाताने एक सणसणीत ठोका द्यावा लागतो, की सुटतो. तो ठोका माझा. चाक अडलं की अप्पा मान वर करून शिवी हासडायचे आणि मी जिथे असेन तिथून पळत येऊन ठोकायचो. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता ठोकलेलं मला आठवतं.

हा त्याच बनावटीचा, त्याच मापाचा, अगदी ठणठणीत शिकंजा आहे. मला फसवलं आहे.

१५ फेब्रुवारी

विक्रेत्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

मी: हा तो शिकंजा नाही.

तो: सर हा त्याच्यापेक्षा चांगला आहे.

मी: मला चांगला नको होता.

यावर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी लिहिलं की मी शांत माणूस आहे, पण फोटोतलीच वस्तू मिळायला हवी. तो म्हणाला, फोटो नमुन्यासाठी असतो सर. मी म्हटलं, वस्तू एकच आणि नमुना कसला? त्याने पुन्हा हात जोडले. मी पुन्हा कळवलं की मी शांत माणूस आहे. एकंदरीत माणूस फार नम्र आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडताना आपणच आडदांड वाटतो. चोराच्या अंगी एवढी सभ्यता असणं बरं नव्हे.

बायको म्हणाली, "चांगला आलाय तर ठेव ना."

मी म्हटलं, "हा अडत नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग कणीक मळायला निघून गेली.

१७ फेब्रुवारी

साइटवर रीतसर तक्रार केली. आधी कारण निवडावं लागतं. माल मिळाला नाही. माल फुटलेला मिळाला. माल बनावट आहे. माल चालत नाही. ‘माल व्यवस्थित चालतो’ हे कारण त्यात नाही. मी ‘इतर’ निवडलं आणि सविस्तर लिहिलं की मालात कुठलाही दोष नाही, चाक सहज फिरतं, स्क्रू नव्यासारखा आहे, आणि त्यामुळे मला अतिशय मनस्ताप झाला आहे.

लगेच उत्तर आलं. आपण समाधानी आहात हे वाचून आनंद झाला, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे, कृपया पाच तारे द्या.

पुन्हा केली. या वेळी सगळ्यात वर लिहिलं: हे माणसाने वाचावं.

आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगली लिहिलीस. पण यात अप्पा कुठे आहेत?" मी म्हटलं, तक्रारीत अप्पा कशाला? तर म्हणाली, "हो, तेही खरं," आणि उठली. आईशी हल्ली बोलणं लांबत नाही. अप्पांवरून शिकंजा निघतो, शिकंज्यावरून ती निघते, आणि मग मला उठून जावं लागतं. त्यापेक्षा आम्ही भाजीचं बोलतो.

२१ फेब्रुवारी

तक्रार विभागातून बाईंचा फोन आला. आवाज तरुण, पण थकलेला. म्हणाल्या, "सर, तुमची तक्रार मी स्वतः वाचली. तीनदा वाचली. म्हणजे माल खराब नाही म्हणून तक्रार आहे, बरोबर ना?"

"बरोबर."

"मग मी चुकीचं वाचलं नव्हतं. कारण सर, याच विक्रेत्याबद्दल अगदी हीच तक्रार आणखी एका मॅडमची आहे."

मी विचारलं ते कसं शक्य आहे? शिकंजा एक, जिंकलो मी. त्यावर बाईंनी सांगितलं ते ऐकून मी स्टुलावर बसलो. लिलाव संपल्यावर विक्रेत्याने हरलेल्या चार नंबरला परस्पर कळवलं, की जिंकणारा मागे फिरला, तुमच्या शेवटच्या बोलीला शिकंजा तुमचा. आणि तिलाही एक पाठवला. तोही ठणठणीत. एक फोटो, दोन गिऱ्हाइकं, आणि खरा शिकंजा दोघांनाही नाही.

"तर सर, दोन तक्रारी जोडल्या तर विक्रेत्याचे पैसे अडवता येतात. फक्त एक अडचण आहे. तुम्ही लिहिलंय की मूळ शिकंजा अडतो आणि ठोकला की सुटतो. मॅडम म्हणतात, ठोकायचा अजिबात नाही. चाक पाव फेरा मागे घ्यायचं, की सुटतो. दोघांचं एकमत झालं तर बरं होईल."

"ठोकावाच लागतो," मी म्हटलं.

"त्या म्हणाल्या होत्या की कोणी ठोका म्हणेल तर ऐकू नका."

मी फोन ठेवल्यावर शांतपणे विचार केला. चार नंबर ही बाई आहे. शिकंजा अडतो हे बाहेरच्या बाईला कळणं शक्यच नाही, म्हणजे विक्रेत्यानेच तिला पढवलं. त्यातही धड पढवलं नाही. थोडक्यात, त्याने खोटे बोलीदार ठेवलेत, आणि वर खोटे तक्रारदारही ठेवलेत. प्रकरण वाटलं त्यापेक्षा बरंच खोल आहे. आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती तोंडाला पदर लावून ऐकत होती. धक्का बसला असावा.

२६ फेब्रुवारी

साइटने पैसे अडवले. लगेच ‘विश्वासू जुना माल’ यांचा निरोप: सर, शनिवारी गोदामावर या, समोरासमोर मिटवू, दुसऱ्या पार्टीलाही बोलावलंय, माल घेऊन या.

बायको म्हणाली, "जा बाबा. आणि एकदाचं संपव."

आई म्हणाली, "मीही येते."

मी म्हटलं तुझं तिथे काय काम, टेंपोत धक्के बसतील. तिने हट्ट केला नाही. फक्त म्हणाली, "समोर कोणीही असलं तरी नीट बोल. पहिलं वाक्य तरी नीट बोल." मी तिला सांगितलं की मी शांत माणूस आहे.

१ मार्च

जसं घडलं तसं लिहितो. हात अजून थोडा दुखतो आहे.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दारात आधीच एक टेंपो उभा होता आणि त्यातून हुबेहूब माझ्यासारखाच हिरवा शिकंजा खाली येत होता. एक बाई पाठमोरी उभी राहून हमालांना सांगत होती, "पाटाला धरू नका, पायांना धरा. बोटं जातील." गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी त्या आवाजाकडे बघत राहिलो. मग ती वळली.

"बारक्या?" ती म्हणाली.

मला आता कोणी बारक्या म्हणत नाही. म्हणण्यासारखा मी राहिलेलोही नाही.

"तू इथे कशी?"

"तक्रार आहे माझी. तू?"

"माझीही. या विक्रेत्याविरुद्ध आणि त्याच्या चार नंबरविरुद्ध."

"चार नंबर मी आहे," ताई म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तो ठोकणारा गृहस्थ तू आहेस! तक्रारवाली मुलगी सांगत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या जावयाला बडव बडव बडवायचास तू."

आईने सांगितलेलं पहिलं वाक्य एव्हाना होऊन गेलं होतं, त्यामुळे मी म्हटलं, "आधी स्वतः विकायचा आणि मग परत विकत घ्यायचा, हा कुठला धंदा?"

"मी विकला? तू विकलास!"

"मी विकला असता तर त्याच्यासाठी एवढी बोली कशाला लावली असती?"

"मी तरी कशाला लावली असती?"

हा मुद्दा दोघांच्याही डोक्यात एकदमच शिरला, आणि दोघांनाही तो आवडला नाही. एवढी वर्षं एखादी गोष्ट पक्की धरून बसलेलं असलं की ती अशी गोदामाच्या दारात सोडवत नाही. हमाल शिकंजा हातात धरून ताटकळले होते. ताई त्यांना म्हणाली, "ठेवा की, काय बघताय?"

तेवढ्यात विक्रेता बाहेर आला. लहानखुरा, केस नीट विंचरलेले, समोरासमोरही तितकाच नम्र. आमच्याकडे बघून म्हणाला, "अरे वा, ओळख आहे वाटतं. मग तर सोपंच झालं."

खरा शिकंजा आत होता, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, भिंतीला टेकून. कागद काढला आणि मी आधी डावा पाय पाहिला. निळा होता. ताईने चाकावर हात ठेवला.

"हा विकायचा नाहीच," विक्रेता म्हणाला. "अडतो हा. असला माल पाठवला तर लोक तक्रार करतील."

"मग फोटो याचा कशाला?"

"फोटोत अडत नाही. आणि दिसतो कसा बघा, जुना, हिरवागार. लोकांना जुनं बघायला आवडतं सर, वापरायला नाही. म्हणून फोटो याचा दाखवतो आणि माल चांगला देतो. या एका फोटोवर किती गेले! आजवर कोणाची तक्रार नव्हती. तुम्ही दोघंच पहिले."

त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. जिंकणारा मागे फिरला असं ताईला खोटं का सांगितलं, हे विचारलं तेव्हा मात्र जरा लाजला. "दोघांनाही एवढा हवा होता. एकाला नाही कसं म्हणायचं?"

ताईने मध्येच चाक फिरवायला घेतलं. तीन चतुर्थांश गेलं आणि ठण्णकन थांबलं. तो आवाज ऐकून माझे पाय आपोआप डाव्या बाजूला गेले. मी ठोका दिला. सुटला नाही. पुन्हा दिला. तळहात झिणझिणला. ताई म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि चाक पाव फेरा मागे घेऊन पुढे दाबलं. तरीही सुटला नाही. तिने पुन्हा मागे घेतलं, मी बघतच होतो, आणि तेवढ्यात मी चिडून ठोकला. तेव्हा सुटला. पाटापर्यंत गेला.

आम्ही दोघं तिथे उभे होतो. मला वाटायचं चाक माझ्या ठोक्याने सुटतं. तिला वाटायचं तिच्या फेऱ्याने. दोघं एकाच वेळी तिथे असायचो, आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"स्क्रू बदलला की झालं," विक्रेता म्हणाला. "एका दुपारचं काम आहे. आधीच्या मालकाने कसं केलं नाही, नवल आहे."

ताईने विचारलं, "तुम्हाला हा विकला कोणी?"

"एका आजींनी. स्वतः उभं राहून टेंपोत चढवून घेतला. पैसेही मोजून घेतले नाहीत. एकच अट घातली. म्हणाल्या, एकुलतं एक मूल असलेल्या घरातच द्या. मला काही कळलं नाही."

"दिसायला कशा होत्या?"

त्याने ताईकडे नीट पाहिलं. "तुमच्यासारख्याच," म्हणाला.

त्यानंतर व्यवहार झाला. दोन्ही चांगले शिकंजे त्याने परत घेतले, आम्हा दोघांचे पैसे परत करायचं कबूल केलं, फोटो आमच्यासमोर साइटवरून काढला, आणि खरा शिकंजा वर फुकट देतो म्हणाला, फक्त तक्रार मागे घ्या. तक्रारवाल्या बाईंना तिथूनच फोन केला. एकमत झालं का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "दोन्ही करावं लागतं." बाई म्हणाल्या, "तसं लिहिते."

पण शिकंजा आणला नाही. मी म्हटलं, तू घे. ती म्हणाली, नको, तूच घे. मी म्हटलं, तू थोरली आहेस. ती म्हणाली, उपकार नकोत. आवाज चढले. शेवटी विक्रेत्याने मधे पडून कागद पुन्हा पांघरला आणि म्हणाला, ठरवून कळवा.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. मी काही विचारलं नाही. मला आज विचारायचं नव्हतं.

२ मार्च

ताई आली. या घरात ती पहिल्यांदाच आली आहे. मी घर घेतलं तेव्हा आमचं बोलणं बंद झालेलं होतं. बायकोने दार उघडलं आणि "या ताई" म्हणाली, जणू कालच येऊन गेली असावी. आईने आतूनच विचारलं, "गुडघा कसा आहे?" तेव्हा कुठे मला ती मैत्रीण कळली. बायको माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. तिला बहुतेक केव्हापासून माहीत असावं.

आम्ही दोघं आईच्या समोर बसलो. ताईनेच विचारलं, "तू विकलास?"

"हो."

"आणि आम्ही एवढी वर्षं एकमेकांना चोर म्हणत होतो, ते तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. सांगायला आले होते मी तुझ्याकडे. त्याचं नाव काढलंस तर उठून जाईन म्हणालीस. याला सांगायला गेले, तर हा खरंच उठून गेला. नंतर मीच म्हटलं, जाऊ दे. दोघंही माझ्याशी तरी बोलताहात. तेही बंद व्हायचं."

मी विचारलं, "पण विकलास कशाला?"

आईने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझे घातले तर बिघडेल.

"अप्पा जाऊन आठवडा झाला नव्हता. तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत उभं राहून भांडत होता, शिकंजा कोणी न्यायचा. मी आत पडले होते. ऐकू येत होतं सगळं. तो म्हणे मी ठोकायचो, ती म्हणे मी फिरवायची. अरे, त्याला दुरुस्त करायला मिस्त्री दोनदा आला होता दुकानात. दोन्ही वेळा यांनी परत पाठवला. मी विचारलं, का हो, एवढ्या शिव्या घालता त्याला, मग करून का नाही घेत? तर म्हणाले, राहू दे. तो अडला की पोरं पळत येतात. एक या बाजूने, एक त्या बाजूने. दुरुस्त झाला तर कशाला येतील दुकानात? म्हणून ठेवला होता त्यांनी. तुम्ही दोघं एकत्र यावं म्हणून. आणि ते गेले आणि त्याच्यावरूनच तुम्ही एकमेकांचं तोंड बघेनासे झालात. मग मी तो ठेवून काय करू?"

ताई रडली. मीही रडलो, हे लिहायला हरकत नाही. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने अप्पांबद्दल सांगायला सुरुवात केली, शिकंज्याचं नाही, दुसरंच काहीबाही, आणि पुष्कळ वेळ सांगत राहिली. आम्ही मधे उठलो नाही.

शिकंज्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. विक्रेत्याचे दोन निरोप येऊन गेले, जागा अडते म्हणतो.

ताई आज इथेच राहिली आहे.